साथीची खबर देणाऱ्यालाच भुर्दंड

24 नोव्हेंबर 2021 रोजी दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला कळवले, की करोना विषाणूचा एक नवा, भरपूर उत्परिवर्तने असलेला प्रकार आपल्याकडे सापडला आहे. शेजारच्या बोत्स्वानातल्या प्रयोगशाळेलाही तो सापडला होता. दोन दिवसांनी त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले. त्याच सुमारास एकामागून एक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने बंद केली. तोवर उशीर झाला होता. नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही हाच विषाणू असल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले. म्हणजे ज्याला अडवायचे तो आधीच आत शिरला होता. ज्यांनी नेटाने जनुकीय तपासणी केली आणि निकाल लगेच जगासमोर ठेवला, त्यांचा पर्यटन व्यवसाय मात्र ऐन हंगामात बसला.

साथनियंत्रणाची चर्चा हमखास लस, खाटा, ऑक्सिजन आणि लॉकडाउन यांवर जाते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या सगळ्या खबर मिळाल्यानंतरच्या. खबर द्यायची की दाबायची, हा निर्णय त्याआधी एखाद्या घरात, एखाद्या दवाखान्यात, जिल्ह्याच्या कार्यालयात आणि शेवटी राजधानीत होतो. या चारही ठिकाणी खरे सांगणाऱ्याच्या पदरी नुकसान येते आणि गप्प बसणाऱ्याचे काही बिघडत नाही. सरकारांनी साथीच्या तयारीचा पैसा आणि अधिकार सर्वांत आधी हे गणित उलटे करण्यासाठी वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीच्या दिवसांना इतके महत्त्व का, ते आकड्यांतच पाहावे. रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होत असेल, तर आजचे 10 रुग्ण तीन आठवड्यांनी 1,280 होतात. एका रुग्णाचे सरासरी 20 निकटसंपर्क धरले, तर आज 200 लोकांवर लक्ष ठेवायचे आहे. दोघांचे एक पथक दिवसाला 20 जणांना भेटू शकत असेल, तर 10 पथके, म्हणजे 20 माणसे पुरतात. तीन आठवड्यांनी तेच काम 25,600 लोकांचे होते आणि त्याला 2,560 माणसे लागतात. एवढी प्रशिक्षित माणसे कोणत्याच जिल्ह्याकडे नसतात. मग संपर्कशोध सोडून द्यावा लागतो आणि कोण आजारी आहे हे ठाऊक नसल्याने सगळ्यांनाच घरात बसवावे लागते. सरसकट टाळेबंदी ही उशिरा आलेल्या खबरीची किंमत आहे. ती कधी कधी मोजावीच लागते, पण तिला धडाडी म्हणून मिरवणे मला पटत नाही.

वेळेवर खबर मिळाली तर काय होते, हे नायजेरियाने 2014 मध्ये दाखवले. 20 जुलैला इबोलाची लागण झालेला एक प्रवासी विमानाने लागोसला उतरला. दाटीवाटीच्या, अफाट लोकसंख्येच्या त्या शहरात ही साथ पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही नकोशी वाटते. त्याला सोडून द्या असा दबाव येत असतानाही डॉ. अमेयो अदादेवोह यांनी तो झुगारला, त्याला रुग्णालयातून जाऊ दिले नाही आणि यंत्रणेला कळवले. पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेले आपत्कालीन केंद्र त्यांच्या खबरीवर लगेच कामाला लागले. सुमारे 900 संपर्कांची यादी झाली आणि त्यांच्या घरी अठरा हजारांहून अधिक भेटी दिल्या गेल्या. प्रत्येकाचे 21 दिवस तापमान मोजले, कारण इबोलाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त तेवढाच असतो. एकूण 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर साथ थांबली. या आठांत डॉ. अदादेवोहही होत्या. त्या 21 दिवसांच्या दुप्पट, म्हणजे 42 दिवस एकही नवा रुग्ण न सापडल्यावर 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. उलट गिनीमध्ये पहिला रुग्ण डिसेंबर 2013 मध्ये आजारी पडला आणि साथ जाहीर झाली मार्च 2014 मध्ये. पश्चिम आफ्रिकेतली ती साथ संपेपर्यंत 28,600 हून अधिक लोकांना लागण झाली आणि 11,300 हून अधिक माणसे गेली.

घरापासून सुरुवात करू. ज्याचे पोट हातावर आहे त्याला ताप आला. चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर त्याचे काम बंद. घरातल्या इतर कमावत्यांचेही बंद. कदाचित नोकरीही जाईल, शेजारी बोलायचे थांबतील. चाचणी केलीच नाही, तर यातले काहीच होत नाही. म्हणून चाचणी फुकट करून प्रश्न सुटत नाही. माणसाला परवडत नाही ती चाचणी नव्हे, तिचा निकाल.

तैवानने 2020 मध्ये 14 दिवस घरात राहणाऱ्यांना दिवसाला 1,000 तैवान डॉलर भरपाई दिली आणि नियम मोडणाऱ्याला जबर दंडही ठेवला. सिंगापूरनेही 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी क्वारंटाइनमधल्यांना दैनिक भत्ता दिला होता. दोन्ही देशांत क्वारंटाइनचे नियम कडक होते. नुसत्या कायद्याने माणसे घरात थांबत नाहीत, हे त्यांनाही मान्य करावे लागले.

भरपाईच्या योजना बहुतेक ठिकाणी कागदावरच अडकतात. अर्जासोबत पगाराची पावती मागितली, की असंघटित कामगार बाहेर फेकला जातो. प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, की अहवाल येईपर्यंतचे दिवस बुडतात, आणि संपर्कातल्या निरोगी माणसाकडे तर असा अहवाल नसतोच. पैसे महिन्याने आले, तर क्वारंटाइनच्या दिवसांत चूल कशी पेटायची? म्हणून क्वारंटाइनचा आदेश देणाऱ्या कर्मचाऱ्यानेच पहिला हप्ता त्याच दिवशी द्यावा आणि आदेशाचा कागद हाच पुरावा मानावा. रक्कम सरसकट एकच असावी, म्हणजे उत्पन्न तपासण्यात वेळ जात नाही. सोबत शिधा, नेहमीची औषधे, दिवसातून एक फोन, आणि घरात वेगळी खोली किंवा शौचालय नसेल तर बाहेर राहण्याची सोय. काही लोक खोटे संपर्क सांगून पैसे घेतील, हे खरे. पण दहा लबाडांना दिलेला भत्ता एका लपलेल्या रुग्णापेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.

दुसरी अट गुप्ततेची. संपर्कशोध करणारा माणूस पोलिसांचा माणूस वाटला, की यादी आटते. 20 जणांना भेटलेला माणूस चारच नावे सांगतो. ट्रेसटुगेदर या ॲपमधली माहिती केवळ संपर्कशोधासाठी आहे असे सिंगापूर सरकारने सांगितले होते. गुन्ह्याच्या तपासातही ती वापरता येते, हे जानेवारी 2021 मध्ये उघड झाले आणि सरकारला घाईने कायदा करून त्यावर मर्यादा आणावी लागली. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून कायद्यात असायला हवी. साथीसाठी दिलेले नाव करवसुली, परवाने, नागरिकत्व किंवा गुन्हे यांसाठी वापरता येणार नाही, असे तिथे स्वच्छ लिहिलेले असावे.

सक्तीचा उलटा परिणाम लायबेरियात दिसला. ऑगस्ट 2014 मध्ये मनरोव्हियातल्या वेस्ट पॉइंट या दाट वस्तीला रातोरात सैन्याने वेढा घातला. लोक खवळले, गोळीबार झाला, एक किशोरवयीन मुलगा दगावला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. त्याच शहरात इबोलाने गेलेल्यांचे सक्तीने दहन सुरू झाले, तेव्हा कुटुंबे आजारी माणसांना आणि मृतांना लपवू लागली, रात्री गुपचूप दफन करू लागली. इबोलाच्या मृतदेहात विषाणू खच्चून भरलेला असतो, त्यामुळे लपवलेले प्रत्येक दफन नव्या संसर्गाची साखळी ठरू शकत होते. पुढे सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत आली. मृतदेहाला हात फक्त संरक्षक पोशाखातले प्रशिक्षित पथक लावते. पण पथक आधी येऊन कुटुंबाशी बोलते, धर्मगुरूला सोबत घेते, प्रार्थनेला वेळ देते, कुटुंबाला सुरक्षित अंतरावरून सगळे पाहू देते आणि कबरीवर नावाची खूण राहते. संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित. फरक एवढाच, की दुसऱ्या पद्धतीत लोक स्वतःहून फोन करतात.

आता दवाखाना. वुहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी 30 डिसेंबर 2019 रोजी सहकाऱ्यांना सावध केले. 3 जानेवारीला पोलिसांनी त्यांना समज देऊन त्यांच्याकडून लेखी कबुली घेतली आणि 7 फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. ती समज नंतर अधिकृतपणे मागे घेण्यात आली. यातली खरी शिकवण यंत्रणेबद्दलची आहे. 2003 च्या सार्सनंतर चीनने दवाखान्यांतून थेट राष्ट्रीय केंद्राकडे नोंद पोहोचवणारी ऑनलाइन व्यवस्था मोठ्या खर्चाने उभारली होती. ऐन वेळी ती जशी चालायला हवी होती तशी चालली नाही, कारण कळ दाबण्याआधी वरच्याला विचारायची सवय आणि भीती तशीच होती. दक्षिण कोरियात भीती वेगळी होती. 2015 मध्ये मर्स या श्वसनरोगाचा पहिला रुग्ण 20 मे रोजी निश्चित झाला, पण रुग्णालयांचे नुकसान आणि लोकांत घबराट नको म्हणून रुग्णालयांची नावे 7 जूनपर्यंत जाहीर झाली नाहीत. दरम्यान संसर्ग झालेले लोक एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात राहिले आणि तिथल्या डॉक्टरांना ते कुठून आलेत हेच माहीत नव्हते. एकूण 186 रुग्ण, 38 मृत्यू. रुग्णालयाला नाव उघड झाल्याने होणाऱ्या तोट्याची भरपाई कायद्याने आधीच ठरलेली असेल, तर नाव जाहीर करताना कुणाचा हात अडखळणार नाही. पक्ष्यांच्या फ्लूतही हेच घडते. कोंबड्या मारल्याची भरपाई कमी किंवा उशिरा मिळेल असे वाटले, की पाळणारा आजारी कोंबड्या आधी विकून टाकतो आणि विषाणू त्यांच्यासोबत पुढच्या बाजारात जातो.

जिल्ह्याचे कार्यालय ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा. इथला अधिकारी रुग्णसंख्येवर तोलला जातो. शेजारच्या जिल्ह्यात 12 आणि तुझ्याकडे 300 कसे, असा वरून फोन येतो. मग तो काय करतो? चाचण्या कमी करतो, संशयित रुग्णांची व्याख्या आवळतो, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे कारण लिहू देतो. त्याच्यावर साथ आवरल्याचा शिक्का बसतो. अळीमिळी गुपचिळी, आणि रोग वाढत राहतो.

देवीच्या निर्मूलनाने हा पेच सोडवला होता, आणि तोही अत्यंत कठीण प्रदेशांत. 1973 च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून शोध घेतला, तेव्हा आधी कागदावर नसलेले हजारो रुग्ण पुढे आले. तोवर जास्त रुग्ण कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलणी खावी लागत. आता वाढलेला आकडा हे शोध चांगला चालल्याचे लक्षण मानले गेले, आणि प्रश्न बदलला: रुग्ण किती, असे न विचारता उद्रेक किती दिवसांत सापडला आणि सापडल्यावर त्याच्याभोवती लसीकरणाचे कडे किती दिवसांत पूर्ण झाले, हे विचारले जाऊ लागले. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस होते आणि रुग्ण दुर्मीळ होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढत गेली. 1978 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा खरा रुग्ण कळवणाऱ्यासाठी 1,000 डॉलर जाहीर केले. बहुतेक खबरी कांजिण्यांच्या निघायच्या. त्या प्रत्येकीची पडताळणी व्हायची आणि चुकीची खबर दिली म्हणून कुणाला शिक्षा होत नसे. खोट्या खबरींनी यंत्रणा बुजून जाईल, या आक्षेपाला हेच उत्तर आहे. पडताळणीसाठी एक नोंदवही, एक वाहन आणि दोन जाणकार माणसे लागतात. त्याहून जास्त काही नाही.

हा बदल आज करायचा तर मापदंड तयार आहे. 2021 मध्ये मांडलेले 7-1-7 हे लक्ष्य असे: उद्रेक सुरू झाल्यापासून 7 दिवसांत तो लक्षात यावा, 1 दिवसात आरोग्य यंत्रणेला कळवला जावा आणि पुढच्या 7 दिवसांत सुरुवातीची कारवाई पूर्ण व्हावी. अधिकाऱ्याचे मूल्यमापन या तीन अंतरांवर व्हावे. त्यासाठी रुग्णयादीत प्रत्येकासमोर सहा तारखा हव्यात: लक्षणे सुरू झाल्याची, दवाखान्यात आल्याची, नमुना घेतल्याची, निकाल आल्याची, वर कळवल्याची आणि घरभेट झाल्याची. दोन तारखांमधले अंतर कुठे वाढते ते पाहिले, की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. प्रत्यक्षात बहुतेक सरकारी आलेखांत एकच तारीख असते, अहवाल आल्याची. असा आलेख फसवतो. सुट्टीच्या दिवशी रुग्ण घटल्यासारखे दिसतात आणि नंतरच्या दिवशी उसळतात. प्रयोगशाळेत साचलेले निकाल एकदम सुटले, की जुनीच साथ नवी लाट वाटते. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने काढलेला आलेख खरा. त्यात शेवटचे काही दिवस अपुरे असतात आणि ते तसे आहेत हे आलेखावरच लिहायला हवे.

निकालाला उशीर होतो त्याची कारणे अगदी साधी असतात. श्वसनमार्गाचा स्वॅब 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवून 72 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. त्याहून वेळ लागणार असेल तर उणे 70 अंशांची सोय हवी, जी लहान केंद्रांत नसते. पीसीआरच्या प्लेटला 96 खाचा असतात. अर्धी प्लेट चालवली तरी यंत्राचा आणि तंत्रज्ञाचा वेळ तेवढाच जातो, म्हणून लहान प्रयोगशाळा प्लेट भरेपर्यंत थांबते, आणि साथीच्या सुरुवातीला, नमुने थोडे असतानाच, ही वाट सर्वांत लांबते. बाटलीवरचा क्रमांक आणि अर्जावरचा क्रमांक जुळत नाही. अर्जावरच्या फोन नंबरात एक आकडा कमी असतो, मग निकाल पॉझिटिव्ह आहे हे कळते पण घर कोणते ते कळत नाही. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केलेल्या गणिती अभ्यासात दिसले, की करोनाच्या चाचणीला तीन दिवस किंवा जास्त उशीर झाला, तर उत्तम संपर्कशोधही एकट्याने साथ उतरणीला लावू शकत नाही. तेव्हा लाखो चाचण्या केल्याच्या जाहिरातीला मी फारसे महत्त्व देत नाही. निम्मे निकाल किती तासांत आले, हा आकडा द्या. विमानतळावरच्या ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचेही तेच. 2003 मध्ये कॅनडाच्या विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले गेले आणि त्यांत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. तीच माणसे संपर्कशोधाला लावता आली असती.

शून्य अहवालाबद्दलही सांगायला हवे, कारण तो फुकटात होतो. दर आठवड्याला प्रत्येक केंद्राने, रुग्ण नसला तरी, शून्य असे कळवायचे. त्यामुळे शून्य आणि मौन यांत फरक करता येतो. एखाद्या केंद्राचा अहवाल सलग दोन आठवडे आला नाही, तर तिथे माणूस पाठवायचा. रागावायला नव्हे, पाहायला.

शेवटी राजधानी आणि त्यापलीकडचे जग. 2007 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, घटनेचे मूल्यमापन झाल्यावर 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवणे बंधनकारक आहे. चार प्रश्न विचारायचे: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का, प्रवास किंवा व्यापारावर बंधने येण्याचा धोका आहे का. दोनांची उत्तरे होय आली, की कळवायचे. चौथा प्रश्न नीट वाचा. ज्याला कळवायचे आहे त्यालाच आपण विचारतो, की कळवल्यास तुझे नुकसान होईल का, आणि त्या नुकसानीसाठी नियमांत एक पैसाही नाही. जास्तीची बंधने घालणाऱ्या देशाने आरोग्यविषयक कारण द्यावे असे 43 वे कलम सांगते, पण कारण न दिल्यास शिक्षा नाही.

नमुने वाटण्यातही हाच अन्याय होता. आपण दिलेल्या विषाणूपासून श्रीमंत देश लस बनवतील आणि ती आपल्याला परवडणार नाही, या कारणाने 2007 मध्ये इंडोनेशियाने पक्ष्यांच्या फ्लूचे नमुने देणे थांबवले. जगाला ते धोकादायक वाटले, आणि होतेही. पण तक्रार रास्त होती. 2011 मध्ये इन्फ्लुएंझासाठी देवाणघेवाणीची चौकट ठरली, ती त्यातूनच.

पैशांच्या बाबतीत जागतिक बँकेने 2017 मध्ये एक प्रयोग केला. साथीसाठी विमा काढला, गुंतवणूकदारांना रोखे विकले. इबोलासाठी पैसे सुटायची एक अट अशी होती, की दुसऱ्या देशातही किमान 20 मृत्यू व्हायला हवेत. काँगोतल्या 2018 ते 2020 च्या साथीत 2,200 हून अधिक माणसे गेली, पण साथ सीमेपलीकडे फारशी गेली नाही, म्हणून विम्याचा भाग मिळाला नाही. सीमा सांभाळण्यात यश आले आणि त्याच यशामुळे मदत नाकारली गेली. करोनासाठी 12 आठवडे थांबायची अट होती. सुमारे 19 कोटी 58 लाख डॉलर सुटले ते एप्रिल 2020 च्या अखेरीस, साथ जगभर पसरल्यावर.

अशा निधीची अट नेमकी उलटी हवी. देशाने 24 तासांत कळवले, नमुना दिला आणि पडताळणी पथकाला येऊ दिले, या तीन गोष्टी झाल्या की पहिला हप्ता 48 तासांत सुटावा. मृत्यू किती झाले हे त्यात विचारूच नये. प्रवासबंदी घालणाऱ्या देशांकडून या निधीत जादा वर्गणी घ्यावी आणि ती बंदी जितके आठवडे चालेल तितकी वाढत जावी. देशाच्या आत केंद्र सरकारने हाच करार जिल्ह्यांशी करावा: खर्चायची रक्कम आधीच जिल्ह्याच्या खात्यात असावी आणि ती वापरायला वरची परवानगी लागू नये, फक्त हिशेब नंतर द्यावा लागावा. आणि पडताळणीत काहीच निघाले नाही, खबर कांजिण्यांची ठरली, तरी दिलेला हप्ता कुणाकडूनही परत मागू नये.